दोन सूर खाली

परवा शनिवारी संध्याकाळी औरंगपुऱ्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये माझा शो होता. घशाच्या ऑपरेशननंतरचा पहिलाच...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी स्वतःची गाणी लिहिते आणि गाते, माझा मित्र सलीम गिटार वाजवतो. गेल्या वर्षी एकामागून एक शो केले आणि एक दिवस आवाज बसला तो उठलाच नाही. तपासलं तर स्वरतंतूवर गाठ निघाली.

ऑपरेशननंतर कित्येक दिवस मी घरच्यांशीसुद्धा मोबाईलवर टाइप करून बोलत होते. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल, पण पूर्वीसारखाच येईल असं नाही.

प्रॅक्टिसला वरचा सूर कधी लागायचा, कधी नुसती हवा. सलीम म्हणत होता, पट्टी खाली घेऊ. मला ते पटत नव्हतं... लोक मला त्या वरच्या सुरासाठीच तर ओळखतात!

त्यात परवाच्या शोला आबा आले होते. माझे वडील मूळचे पाचोडकडचे, तरुणपणी मेंढरं राखायचे. आता बजाजनगरला राहतात, वाळूजच्या एका कंपनीत वॉचमन आहेत. माझा एकही शो त्यांनी पाहिलेला नव्हता. ड्युटी बदलून आले आणि पहिल्याच रांगेत, टोपी मांडीवर ठेवून बसले.

सुरुवातीची गाणी कशीबशी निभावली. मग ते गाणं आलं... मेंढरांमागं चालत मुलूख पालथा घालणाऱ्या माणसाचं. ते आबांवरच लिहिलंय, पण त्यांना सांगायचं धाडस कधी झालं नाही.

धृपद नीट गेलं. अंतऱ्यात सूर चढला आणि आवाज फाटला. पुन्हा घेतला... काहीच निघेना.

कुणीतरी मोबाईल उंच धरून रेकॉर्ड करत होतं. वाटलं, संपलं आपलं... माइक ठेवावा आणि उतरावं खाली.

सलीम वाजवायचा थांबला नाही. सरकत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "घबरा नक्को. दो सुर नीचे लेरौं मैं. आ जा."

मी पाणी प्यायले. माइकवर सांगितलं, "ऑपरेशननंतर आवाज बदललाय. पहिल्यापासून म्हणते." आणि खाली सुरू केलं. जाडसर, थोडा खरखरीत आवाज... माझा मलाच ओळखू येईना. पण तुटला नाही. शेवटपर्यंत गेला.

टाळ्या झाल्या. आबा मात्र खाली बघत बसलेले.

शो संपल्यावर ते बाहेर पायरीवर उभे होते. मी जवळ गेले. मग म्हणाले, "मोबाईलवर लई खेपा ऐकलं व्हतं हे गाणं. तू वर वर जायचीस, शब्द काय कळायचे नाय. आज कळले."

हातातली टोपी झटकली. "त्या मेंढरामागचा माणूस... मी हाय व्हय?"

मी मान हलवली.

"मग असंच म्हनत जाय," म्हणाले, आणि टोपी घालून गाडी काढायला गेले.

आता सगळी गाणी खालच्या पट्टीत बसवतोय. जुना आवाज आठवला की अजून रडू येतं, खोटं कशाला बोलू... सलीम, तू वाजवत राहिलास, थँक्यू रे.

आणि आबा, तुम्ही इतके दिवस गुपचूप माझी गाणी ऐकत होतात... हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.