घमापुरातली कमलाबाई

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडते, तेव्हाही एवढा भाग सोडून पुढे जाते. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — म्हणूनच हात चालतो आहे.

माझं शिक्षण चौथी, तेही वर्ध्याकडच्या खेड्यातल्या मराठी शाळेत. लग्न होऊन जबलपूरला आले आणि अक्षरं सुटली. दुकानांच्या पाट्या हिंदी, शेजारणी हिंदी, आणि मी मुळातच कमी बोलणारी. नवरा रिछाईत कारखान्यात. आमची खोली घमापुरात. मी चार घरी पोळ्या करायची. त्यातलं एक घर माईंचं.

माई पूर्वी शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांच्या खोलीत पुस्तकांची दोन कपाटं होती, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. साय धरल्यासारखं दिसतं म्हणायच्या, मग तेही म्हणेनाशा झाल्या. मुलगा — मी त्यांना भैया म्हणायची — आणि सून दोघं नोकरीवर. नातू लग्नाच्या वयाचा; त्याला मराठी समजायचं, पण तो उत्तर हिंदीत द्यायचा. वाचून दाखवणार कोण?

एके दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. “काहून गं, मराठी वाचता येते का तुला?”

“चौथीपर्यंत, माई.”

“चलो, मग बस. पोळ्या कुठं पळून नाही राहिल्या.”

पहिल्या दिवशी एक पान झालं. बोट ठेवून, जोडाक्षराशी अडखळत. माई हसून म्हणाल्या, “पूर्णविराम आला की गिळून टाकते! सकाळपासून उपाशी आहेस का?” मग कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, ते त्यांनी शिकवलं. महिन्याभरात पानाची दहा पानं झाली. मी कणीक मळताना पुस्तकातल्या बाईचा विचार करू लागले — ती आता माहेरी जाईल की नाही? एखादं पुस्तक संपलं की दोन दिवस घरातलं माणूस गेल्यासारखं वाटायचं. आणि खरं सांगू? नुसतं वाचणं नव्हतं ते. माझा आवाज ऐकायला कुणी तरी खुर्ची ओढून बसत होतं. असं माझ्या आयुष्यात कधी झालं होतं?

मग भैयांनी ऑपरेशनची तारीख घेतली. “अच्छा माई, आधी एक डोळा, मग दुसरा. दोन महिन्यांत स्वतः वाचशील.”

स्वतः वाचशील. तव्यावरची पोळी करपली, ते मला वासानं कळलं.

माई घाबरल्या होत्या. सगळे कामाला गेल्यावर त्यांनी मला विचारलं, “तू सांग. करू का?” एवढ्या शिकलेल्या बाईनं मला विचारलं. आणि मी —

मी म्हणाले, आमच्या गल्लीत कमलाबाई म्हणून आहे. तिचं हेच ऑपरेशन झालं. आठवड्यात डोळ्यात पू झाला. तो डोळा गेला, मागोमाग दुसराही. आधी निदान उजेड दिसायचा, आता खिडकी उघडी की बंद, तेही कळत नाही.

घमापुरात अशी कमलाबाई नाही. कधीच नव्हती. त्या क्षणी मी ती बनवली. कुठे थांबायचं ते मला आता येत होतं — मी थांबले, आवाज खाली घेतला. माईंनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता.

त्यांनी ऑपरेशनला नाही म्हटलं. भैया ओरडले, सूनबाईंनी समजावलं, डॉक्टर फोनवर बोलले. माई कारण सांगेनात. कमलाबाईचं नाव घेऊ नका, भैया मला रागावतील, असं मी सांगून ठेवलं होतं. त्यांनी मला सांभाळलं.

गोष्ट तिथे संपायला हवी होती ना? पण माई विचारायच्या. “कमलाबाई कशी आहे गं? जेवते का?” मग मला रोज काही तरी सांगावं लागे. एकदा त्यांनी डिंकाचे लाडू डब्यात भरून दिले. एकदा स्वतःचं मोतिया रंगाचं लुगडं दिलं, हिरव्या काठाचं. “तिला म्हण, माईनं पाठवलं.” लाडू माझ्या मुलीनं खाल्ले. लुगडं ट्रंकेत तळाशी आहे. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, कमलाबाई तुम्हाला आशीर्वाद देत होती. माईंचा चेहरा किती फुलला!

तीन वर्षं मिळाली मला. दोन्ही कपाटं वाचून झाली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं होती — हेही लिहायला हवं, नाही तर हा कबुलीजबाब अर्धाच.

आता मी एकटी वाचते. ओठ न हलवता येतं मला. पण वाचताना समोर कमलाबाई येऊन बसते. तिला चेहरा दिलाय मी, गल्ली दिली, सून दिली. जाणार कुठे ती? पान उलटलं की ती मान कलती करते. ऐकत असते.

माईंकडे पुस्तकं मागितली असती तर त्यांनी घरी नेऊ दिली असती. दृष्टी परत आल्यावरही समोर बसवून वाचायला लावलं असतं. हे मला आज सुचलेलं नाही. त्या दिवशी तव्याजवळ उभी होते, तेव्हाही ठाऊक होतं.

नातवाचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बाळ माईंच्या मांडीवर ठेवलं. सगळे हिंदीत बोलत होते, फोटो काढत होते. माईंनी मला हाक मारली, म्हणाल्या, “इकडे ये. हिला वाचून दाखव मला.”

मी सांगितलं — कपाळ रुंद आहे, नाक तुमच्यासारखं, हनुवटीला खळी आहे. खरं म्हणजे माझ्या डोळ्यांत पाणी होतं, मला बाळ नीट दिसतच नव्हतं. माई म्हणाल्या, “अच्छा, खळी आहे?” आणि खूप वेळ हसत राहिल्या.

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. नातवाची ती मुलगी आता चालते. परवा तिला जवळून पाहिलं. तिच्या हनुवटीला खळी नाही.