भोजराजाचं कवन

वडूजकडच्या आमच्या गावात नाथाजी गोंधळ्याइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. कुत्रं गुरगुरलं तरी हा संबळ पोटाशी धरून वाट सोडायचा. पण गायला उभा राहिला की बेटा पन्हाळ्याच्या भोजराजाच्या तोंडून बोलायचा. पोटच्या लेकालाही शिक्षा करणाऱ्या त्या राजाचं कवन कुण्या जुन्या कवीचं, कुणास ठाऊक. गावात तंटा झाला की आधी ते गायचं, आणि संपेपर्यंत कुणी निवाडा द्यायचा नाही, असा रिवाज होता. झील धरायला त्याचाच लेक आकाराम. बापाचा आवाज तुटला की पुढची ओळ त्यानं उचलायची.

चव्वेचाळीस साली फौजदारानं आकारामला चावडीत डांबलं. "बापाला उचलीन," म्हणाला. पोरगं घाबरलं आणि इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या भूमिगत पोरांचा ठावठिकाणा सांगून बसलं. दोघं पकडले गेले. आकाराम सुटल्यावर उरलेल्यांनी भर दुपारी त्याला साऱ्या गावासमोर आंबराईत आणून बसवलं. फितुराचे तळपाय काठीनं फोडायचे, हा त्यांचा कायदा. असा माणूस पुन्हा धड चालत नसे, आणि गोंधळ्याला तर नाचून पोट भरायचं.

म्होरक्या लालासाहेब गावचाच. म्हणाला, "नाथाजी, रिवाज मोडायचा न्हाई. म्हण कवन."

कवन चालू आहे तोवर पोराचे पाय शाबूत, एवढंच नाथाजीला कळलं. त्यानं साऱ्या देवांना आवतण दिलं. मग राजाच्या घोड्याचं वर्णन लावलं, जे कवनात कधीच नव्हतं. आम्हाला सगळं समजत होतं, पण एकाचीही मान वर होईना. मीही भ्यालो होतो.

सावल्या लांबल्या. "आवरा आता," लालासाहेब म्हणाला.

"पन्हाळ्याचा भोज राजा, पोटचा लेक उभा..."

इथं नाथाजीचा आवाज तुटला, आणि त्यानं तो तुटू दिला. कवन अर्धं राहिलं तर निवाडा नाही! पहिल्यांदाच त्या भित्र्या माणसानं मान ताठ केली.

आकाराम खाली बघत बसला होता. बापाचा आवाज तुटलेला कानावर पडताच त्यानं जन्माच्या सवयीनं कवनाची शेवटची ओळ उचलली, अगदी सुरात:

"न्यायापुढं लेक कसला, साक्ष सारी सभा!"

मग त्याचं त्यालाच उमगलं. "आबा," तो पुटपुटला, "संपलं व्हय कवन?"

नाथाजीनं संबळाच्या काड्या खाली ठेवल्या. लालासाहेबानं काठी मागितली.