जिन्याखालचा खोकला

सिनेमात मेकअप करणाऱ्या त्या बाईला सगळे वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा सगळ्यांचा दादा होता. दादा घरं रंगवायचा. अंगाने काडी, तोंडाने तोफ.

बारा वर्षांपूर्वी एका होतकरू दिग्दर्शकाने रिकाम्या इमारतीत झाँबींचा सिनेमा काढला. कॅमेरा एकच, तोही पात्राच्याच हातात. मेलेल्या माणसापाशी सापडलेली टेप आपण बघतोय, अशी कल्पना. झाँबी कमी पडले तेव्हा वहिनीने नवऱ्यालाच उभं केलं आणि त्याच्या गालावर स्वतःच्या हाताने मांस लोंबवलं.

"आता तुझी आई मला जावई म्हणायची नाही," दादा म्हणाला.

"आधी तरी कुठे म्हणत होती?"

जिन्याखाली त्याने नुसतं उभं राहायचं होतं. सिमेंटच्या धुळीने त्याला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. दिग्दर्शकाने ती तशीच ठेवली. पडद्यावर दादा दिसत नाही म्हणा. दिसतो काळोख, आणि त्यातून ऐकू येतो खोकला. पण तेवढ्याने लोकांची बोबडी वळली. सिनेमा तुफान चालला.

खोकला मात्र गेला नाही. फुप्फुसं तपासली तोवर हातातून सगळं निसटलं होतं. पुढचं वर्षभर वहिनी त्या खोकल्याकडे कान लावून झोपायची. एके दिवशी तोही थांबला.

यंदा दिग्दर्शकाचा फोन आला. "वहिनी, दुसऱ्या भागात दादा आहे बरं का! जुन्या टेपांमधलं घेतलंय."

वहिनीला लगेच आठवलं. शूटिंग संपल्यावर दादा तोंडावरचा रंग पुसत कॅमेऱ्यापुढे खदखदून हसला होता. घरात त्याचे चार फोटो होते, पण हलताबोलता दादा कुठेच नव्हता. लेकीला घेऊन ती दुपारच्या खेळाला गेली.

पडद्यावर नुसती खोगीरभरती. झाँबी शेकड्यांनी, उजेड लख्ख, कल्पना तीच, सापडलेल्या टेपची, पण कॅमेरा कधी छतावर तर कधी आभाळात.

"ही टेप सापडली कुणाला नि जोडली कुणी?" लेक पुटपुटली.

मग सगळ्या झाँबींनी एकदम तोंडं उघडली, आणि प्रत्येक तोंडातून दादाचा खोकला आला. शेवटी बारीक शीळ वाजणारा, तोच. पहिल्यांदा लोक किंचाळले. तिसऱ्या वेळेपासून मागच्या रांगेतली पोरं खोकून नक्कल करू लागली.

"आई, चल बाहेर."

"थांब गं. हसताना दाखवतील."

शेवटचं नाव सरकून गेलं, दिवे लागले, झाडूवाला आत आला. दादा काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने फोन केला. "ती हसतानाची टेप तेवढी मला द्या."

"अहो वहिनी, आवाज काढून घेतला आणि टेपा टाकून दिल्या. बुरशी लागली होती."

"मला एकदा विचारायचं तरी."

"तुम्हाला बरं वाटेल असं वाटलं. दादा अमर झाला की!"

वहिनीने फोन ठेवला. तिला रडूही आलं नाही.

संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, आपण पहिला भाग लावूया का? त्यात बाबा एकटेच खोकतात."

"नको," वहिनी म्हणाली. "आता त्यातसुद्धा ती पोरं खोकतील."