शेजारच्या सीटवरचा ब्रेक

गाडी शिकवण्यात मास्तरांची एकतीस वर्षं गेली, तीही शेजारच्या सीटवर. तिथे पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की मास्तरांनी तो दाबायचा. शिकवण्याचा कंटाळा नव्हता, पण अलीकडे दुपार झाली की अंगात त्राण उरत नसे.

त्या वर्षी शिवणकाम करणाऱ्या एक ताई शिकायला आल्या. वय बावन्न. नवऱ्याची नजर अधू झाल्यापासून गाडी दारात धूळ खात होती. ताई चालवायच्या छान, अगदी बेताबेतानं. घोडं अडलं होतं संगणकावरच्या परीक्षेत. पडद्यावर रस्ता सरकतो, धोका तयार होऊ लागला की बटण दाबायचं. ताई कुत्रं दिसलं की दाबत, सायकल दिसली की दाबत, सावली हलली तरी दाबत. उठसूट दाबलं की यंत्र सरळ शून्य देतं. दोनदा नापास.

"मास्तर, मला सगळ्याचीच भीती वाटते हो."

"सगळ्याला भिऊन कसं चालेल? जे हलून आपल्या वाटेत येणार, तेवढंच बघा. आणि तोंडानं बोलत चला."

मग रोज रस्त्यावर ताईंची टकळी सुरू झाली. "बस थांबलीय. खालून पाय दिसतायत, कुणीतरी पुढून येणार. वर तारेवर कावळा—"

"कावळ्याला राहू द्या, ताई."

एका गुरुवारी, दिवसातला पाचवा धडा चालू होता. रस्त्याकडेला गाड्यांची रांग. "त्या पांढऱ्या गाडीत डोकं हललं. दार उघडणार," ताई म्हणाल्या आणि त्यांनी ब्रेक दाबला. दार खाडकन उघडलं. मध्ये वीतभर अंतर राहिलं. मास्तरांचा पाय ब्रेकवर पडला तेव्हा गाडी आधीच थांबली होती.

"बरोबर केलं ना?"

"अगदी बरोबर." गाडी बाजूला घ्यायला लावून मास्तर हळूच म्हणाले, "ताई, मला ते दिसलंच नाही. डोळे उघडे होते, पण दिसलं नाही."

ताई म्हणाल्या, "संध्याकाळी टाका वाकडा पडायला लागला की मी मशीन बंद करते. सुई बोटात घुसायची वाट बघत नाही."

घरी मास्तरांनी बायकोला सांगितलं, आता गाडीत बसून शिकवणं बंद. ती दोन वर्षं हेच कानीकपाळी ओरडत होती. आता मात्र "बरं झालं" एवढंच बोलली आणि त्यांच्या पाठीशी उशी सरकवली.

महिनाअखेर मास्तरांनी गाडी पुतणीच्या हवाली केली; तीही हेच काम करते. ते आता घराच्या मागच्या खोलीत लोकांकडून संगणकावरच्या परीक्षेचा सराव करून घेतात. पहिल्या दिवशी पुतणी गाडी घेऊन गेली, तेव्हा ते बराच वेळ दारात उभे होते.

तिसऱ्या खेपेला ताई पास झाल्या. त्यांनी फोन केला तेव्हा मास्तर खुर्चीतच पेंगत होते. "शाब्बास, ताई," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले, पण आवाजात काही जोर आला नाही.