सेटवरचा काकांचा फोटो

खरं सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांतली मी. त्यातून आमच्या स्टुडंट फिल्मवर माझं काम कंटिन्युइटीचं... म्हणजे सेटवरची प्रत्येक वस्तू कालच्या शॉटमध्ये जिथे होती तिथेच आज आहे ना, ते बघायचं. पेला दोन बोटं सरकला तरी माझं डोकं फिरतं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा माजच होता म्हणा ना मला!

आम्ही जबलपूरच्या एका कॉलेजातली सहा जणं. कमानिया गेटजवळ आमचा डायरेक्टर विकास राहतो, त्याच्या घराचा वरचा हॉल रिकामा होता. तिथे प्लायवूडच्या भिंती उभ्या करून आम्ही एक साधी बैठकीची खोली बनवली. भिंतीवर फिल्ममधल्या नायकाच्या वारलेल्या वडिलांचा फोटो हवा होता. कोणाचा लावणार? माझे काका, खमरियाच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, कांचघरला राहतात... ते स्वतःच फ्रेम घेऊन आले.

"लाव माझा! हारात कसा दिसतो, ते जिवंतपणीच पाहून घेतो."

काकू भडकलीच. "जित्या माणसाच्या फोटोले कोणी हार घालते का? काहून असं करून राहिले तुम्ही?" शेवटी मला म्हणाली, "शॉट झाला की लगेच हार काढशील. शपथ घे." मी घेतली.

तीन दिवस काढलाही. पण चंदनाच्या चकत्यांचा हार तो... दुसऱ्या दिवशी घातला की एखादी चकती वाकडी बसायचीच. शनिवारी विकास वैतागला. "यार, अब हार को हाथ मत लगा. मंगल को क्लोज-अप है, मॅच नहीं होगा." रविवार-सोमवार शूटिंग बंद होतं. मलाही पटलं. शपथेपेक्षा शॉट जुळणं मला मोठं वाटलं, हे कबूल करते. हार तसाच राहू दिला.

सोमवारी दुपारी काकांकडे जेवायला गेले. दार काकांनीच उघडलं. चेहरा पार उतरलेला. काकूने दोन ताटं वाढली – एक माझं, एक तिचं.

"आणि काकांचं?"

"कोणाचं?" काकूने विचारलं. आवाजात मस्करी नव्हती.

काका तिच्या समोरच बसले होते. "कालपासून असंच करून राहिली," ते हळूच म्हणाले. "चहा एकाचाच टाकते. हाक मारली तर पाहत नाही. शेजारचे भैयाही समोरून तसेच निघून गेले... बेटा, मी दिसून राहिलो ना तुला?"

मी घाईघाईने मान हलवली.

"जेव ना," काकू मला म्हणाली, "थंडं होऊन राहिलं."

मी भरल्या ताटावरून उठले आणि स्कूटी काढली. विकासच्या हॉलची एक किल्ली माझ्याकडेच असायची. कुलूप उघडलं. हार उतरवला. तो हातात असतानाच मोबाईल वाजला. काका होते.

"अगं, जेवता जेवता कुठे पळाली? काकू ओरडून राहिली. मलाही विचारते, तुमचं ताट वाढलं, बसत काहून नाही..." ते रडत होते.

काकूला त्यातलं काहीच आठवत नाही. डॉक्टरांनाही दाखवलं, सगळं ठीक निघालं. वय झालं, विसरली असेल... असं मीही म्हटलं असतं. पण रविवारी खोलीवर बसून मी सेटचे फोटो पाहत कंटिन्युइटीच्या वहीत नोंदी केल्या होत्या. मंगळवारी ती वही उघडली. घड्याळ, खुर्ची, पेला, सगळं बरोबर. त्याखाली जे होतं ते कसं लिहिलं गेलं, हे मला आजही सांगता येत नाही. अक्षर माझंच आहे.

'भिंतीवर हार घातलेला फोटो. म्हातारा माणूस. कोण, माहीत नाही.'