आक्काच्या गोष्टीचा हुंकार

बसडेपोच्या सीट विभागात त्यांना सगळे ‘हुंकारे’ म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते हजेरीपुरतं. बाकी दिवसभर कुणी काही सांगो, विचारो, रडगाणं गावो, या माणसाचं उत्तर एकच. “हं.” फाटलेलं रेक्झिन उसवायचं, बसका फोम उपटून नवा घालायचा, मेण लावलेल्या दोऱ्यानं आणि वाकड्या सुईनं कडा शिवायची, आणि शेजारचा बोलत असला की मान वर न करता हं म्हणायचं.

“हुंकारे, लग्न ठरवताना वहिनींनी पसंती विचारली तेव्हाही नुसतं हंच म्हणालात काय हो?” फोरमननं एकदा विचारलं.

“हं,” हुंकारे म्हणाले. सगळा विभाग हसला. तेही हसले.

पण गंमत बघा. डेपोतल्या कुणाला मनातलं बोलायचं झालं की तो यांच्याच शेजारी येऊन टेकायचा. सून बोलत नाही म्हणून कुढणारा ड्रायव्हर असो की बदलीनं धास्तावलेली कंडक्टर बाई. सल्ला कधी मिळायचा नाही. पण यांचं हं ऐकलं की आपलं बोलणं भिंतीवर आपटून परत आलं नाही, कुठंतरी पोचलं, असं वाटायचं.

याचं मूळ त्यांच्या घरात होतं. हुंकारे डोंगरातल्या लोकांपैकी. या मुलखात सगळ्यांच्या आधीपासून राहणारी ती माणसं. पुढे डोंगर त्यांच्या हातून गेला, माणसं शहरात उतरली, भाषा घरापुरती उरली. कागदावर त्यांचं काही नव्हतं. होतं ते सगळं गोष्टीत. झरे कुठं होते, कोणतं झाड कुणाच्या जन्माचं, डोंगर कसा गेला, सगळं. आणि गोष्ट त्यांच्यात एकट्यानं सांगत नसत. सांगणारीच्या डाव्या हाताला एक जण बसायचा, लोकांकडे पाठ आणि तिच्याकडे तोंड करून. दर वळणाला तो हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली.

घरात गोष्ट सांगायची ती आक्का, हुंकाऱ्यांची थोरली बहीण. हुंकार द्यायचे हे. मिसरूड फुटायच्या आधीपासून ती म्हातारी होईपर्यंत. बघणाऱ्याला वाटायचं, यात काय विशेष? गाढवही मान हलवतं! पण आनंदाच्या जागेचं हं वर उचललेलं असतं, भीतीच्या जागेचं पोटातून येतं, आणि सांगणारी दमली असेल तर एक लांब हं असतं, तेवढ्यात तिनं श्वास घ्यायचा. हुंकारे म्हणायचे, गादीला बटण असतं ना, तसं आहे. दिसायला एवढंसं. पण ते नसेल तर आतलं सगळं एका बाजूला जमा होतं.

आक्का गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. शेवटच्या वेळी तिच्या कानाशी वाकून हुंकारे म्हणाले होते, “आता हा हुंकार तुझ्याबरोबर गं.” आणि बोलले ते पाळलं. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी हं यायचं बंद झालं. त्याऐवजी ते ‘बरं’ म्हणायला लागले.

“यांचं काहीतरी बिनसलंय,” फोरमन म्हणाला. “नाव हुंकारे आणि तोंडात बरं! माझं दुखणं सांगितलं तर म्हणतात बरं. आता यात बरं काय?” हळूहळू लोक त्यांच्या शेजारी बसायचे कमी झाले.

तशात नाट्यगृहाचं काम निघालं. पालिकेचंच नाट्यगृह, डेपोही पालिकेचा. मागच्या रांगांतल्या खुर्च्यांची पार चाळण झाली होती. फोरमननं हुंकाऱ्यांना हत्यारांची पिशवी देऊन तिकडे धाडलं. तिथं पाऊल टाकलं तर रंगमंचावर तालीम चालू, आणि मधोमध उभी त्यांची भाची, आक्काची लेक!

भाची लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स होती. आईची गोष्ट ती रंगमंचावर करणार आहे, हे हुंकाऱ्यांना ठाऊक होतं. तिनं महिन्यापूर्वी घरी येऊन विचारलंही होतं, “मामा, हुंकाराला बसाल?” त्यांनी मान हलवून नाही म्हटलं होतं आणि ती निमूट गेली होती. आत्ता ती त्यांच्याकडे बघत नव्हती. समोरच्या दिव्यांमुळे तिला मागचं दिसतच नव्हतं. हुंकारे शेवटच्या रांगेत खाली बसले आणि खुर्ची उलटी करून कामाला लागले.

दिग्दर्शक त्यांच्यातलाच होता, पण वसतिगृहात वाढलेला. गोष्ट त्याच्या कानावर घरात कधी पडलीच नाही, म्हणूनच तिच्यापायी तो वेडा झाला होता. ढोल होता, बासरी होती, डोंगराचा मोठा पडदा होता. सगळं नेटकं. फक्त गोष्ट हलत नव्हती. भाचीला शब्दन् शब्द पाठ होता, तरी ती धावत सुटायची, धाप लागायची आणि दरवेळी एकाच ठिकाणी अडकायची.

ती जागा अशी होती. मोजणी करणारा साहेब साखळी घेऊन डोंगरावर आला. साखळीचा खळखळाट ऐकून माणसं घाबरली, पोराबाळांना घेऊन झाडीत दडली. साहेबानं रिकाम्या घरांसमोर उभं राहून हाक मारली, “कोणी आहे का?” कुणी ओ दिली नाही. पुन्हा हाक मारली. पुन्हा नाही. मग त्यानं कागदावर लिहिलं, इथं कोणी राहत नाही. त्या एका ओळीवर डोंगर गेला. आणि तेव्हापासून म्हाताऱ्यांनी ठरवलं, आपल्यात कुणी तोंड उघडलं की ऐकणाऱ्यानं ओ द्यायचीच.

“साखळी वाजली,” भाची म्हणाली, “झाडं मोजली, दगड मोजले, आणि... आणि...” पुन्हा थांबली. “सर, पुढचं येतंय, पण निघत नाहीये.”

“परत घेऊ,” दिग्दर्शक म्हणाला. “पण बाई, आठवड्यावर आलाय प्रयोग. नाहीच जमलं तर ही गोष्ट काढून नुसती गाणी ठेवावी लागतील.”

मागे हुंकाऱ्यांच्या हातातला दोरा थांबला. आक्काची गोष्ट काढून टाकायची?

भाचीनं परत सुरुवात केली. साखळी वाजली. झाडं मोजली. हुंकाऱ्यांचे ओठ घट्ट मिटलेले. दगड मोजले. आणि कसं झालं कोण जाणे, खुर्च्यांच्या आडून, पोटातून, भीतीच्या जागेचं ते खोल हं बाहेर पडलं.

“...आणि माणसं मोजायची राहिली!” भाचीच्या तोंडून पुढची ओळ घरंगळत आली.

दिग्दर्शक वळला. “कोण आहे तिकडे?”

हुंकाऱ्यांना भान आलं. आक्काला दिलेला शब्द मोडला होता.

“अहो, कोणी आहे का?”

हुंकारे खुर्च्यांच्या मागे आणखी खाली वाकले, आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस रांगत रांगत मागच्या दारानं बाहेर पडला. पिशवी तिथंच राहिली.

संध्याकाळी भाची घरी आली ती पिशवी घेऊनच. मामी भाजी निवडत होती, मामा कोपऱ्यात तोंड पाडून बसले होते.

“मामी, नाट्यगृहात भूत आहे म्हणतात,” भाची म्हणाली. “पण हे भूत वाकडी सुई वापरतं.”

“तरीच! आल्यापासून चहालाही बरं म्हणाले नाहीत.” मामीनं नवऱ्याकडे बघितलं. “काय केलंत?”

हुंकाऱ्यांनी सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “हुंकार आक्काचा होता. तिच्याबरोबर गेला. मी तिला दिलेला शब्द मोडला आणि वर चोरासारखा पळालो.”

“म्हणजे त्यांनी विचारलं कोणी आहे का, आणि तुम्ही दडून बसलात?” मामीनं हातातली जुडी खाली ठेवली. “आणि रात्रंदिवस ती गोष्ट ऐकलीत ती याचसाठी?”

हुंकाऱ्यांनी मान वर केली. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

भाची खाली बसली. “चूक माझीपण आहे मामा. आईची गोष्ट मी स्वयंपाकघरात फोनवर रेकॉर्ड केली होती ना, ती नाटकाच्या मंडळींना दिली. आमच्या साउंडवाल्यानं साफ करून दिली. कुकरची शिट्टी काढली, कुत्र्याचं भुंकणं काढलं, आणि तुमचं हंसुद्धा काढलं. त्याला वाटलं, कुणीतरी झोपेत हो हो म्हणतंय. मी त्या साफ केलेल्यावरच पाठ केलं. आईचे शब्द सगळे आले, पण आई श्वास कुठं घ्यायची तेच निघून गेलं.”

“एवढी नर्स झालीस, श्वास तपासता नाही आला?” मामी म्हणाली. भाची हसली, पण तिचे डोळे भरले होते.

मग मामी नवऱ्याकडे वळली. “मला एक सांगा. सासूबाई असताना गोष्ट त्याच सांगायच्या, आणि हुंकार मामंजी द्यायचे. बरोबर?”

“बरोबर.”

“मग सासूबाई गेल्यावर आक्कांनी पहिल्यांदा गोष्ट सांगितली, तेव्हा डावीकडे कोण बसलं होतं? तुम्हीच सांगितलंय मला.”

“बाबा,” हुंकारे सावकाश म्हणाले. “पण ते... ते मला शिकवायला. मी शेजारी बसून ऐकायचो.”

“मग? त्यांचा हुंकार गेला का सासूबाईंबरोबर?” मामीनं जुडी परत उचलली. “आक्कांवर माया होती म्हणून बोलून गेलात. देव असली बोलणी धरून ठेवत नाही. आणि आक्का? त्यांना कळलं की लेक अडकली होती आणि भाऊ जवळ असून गप्प बसला, तर वरून चप्पल फेकून मारतील.”

हुंकारे उठले, हातपाय धुतले आणि देवासमोर दिवा लावून बसले. मागितलं काही नाही. मनातल्या मनात आक्काशी बोलले. ज्योत शांत होती. देव कधी शब्दांत उत्तर देत नाही, पण ऐकतोय हे कळतं माणसाला. तेवढंच पुरतं. बाहेर आले तेव्हा भाची चपला घालत होती.

“उद्या किती वाजता तालीम?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी साउंडवाला आधीच हात जोडून उभा होता. “काका, तुम्हाला कचरा समजून पुसलं हो मी.”

“कुकरची शिट्टी काढलीस ते बरं केलंस,” हुंकारे म्हणाले.

ते भाचीच्या डावीकडे बसले, समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाठ करून. दिग्दर्शकाला वाटलं, पाठ दिसणं वाईट. पण पहिल्या चार ओळी झाल्या आणि त्यानं हातातली वही मिटली. भाची धावत नव्हती. मामाच्या तोंडाकडे बघून सांगत होती, आणि ते असे ऐकत होते की जणू पुढचं काही ठाऊकच नाही. साखळी आली, झाडं आली, दगड आले, कुठं काही अडकलं नाही. मग साहेबाची हाक आली, “कोणी आहे का?” आणि तिथं हुंकारे गप्प राहिले.

“काका, हं?” दिग्दर्शक कुजबुजला.

“इथं द्यायचा नसतो,” हुंकारे म्हणाले. “सगळ्या गोष्टीत ही एकच जागा मोकळी. आपण तेव्हा बोललो नाही ना.”

दिग्दर्शकानं मिटलेली वही बाजूला ठेवली. त्याच्या आजोबांनीही त्या झाडीतून ही हाक ऐकली असेल, आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

प्रयोगाला नाट्यगृह भरलं. खाली उतरलेली डोंगरातली म्हातारी माणसं पुढे बसली होती, मागे शहरातली. डेपोतली सगळी मंडळीही आली होती, आणि फोरमन शेवटच्या रांगेतल्या नव्या सीटवर मुद्दाम उड्या मारून बघत होता. भाची सुरुवातीलाच म्हणाली, “आमच्यात गोष्ट मुकाट्यानं ऐकत नाहीत. मामा हं म्हणतील. तुम्हालाही वाटलं तर म्हणा. लाजू नका.”

आधी लोक लाजलेच. एकदोन ठिकाणी हसू फुटलं. मग पुढच्या रांगेतली एक आजी मोठ्यानं हं म्हणाली, तिच्यामागून तिची शेजारीण. ढोल हळू वाजत होता, झऱ्यांची नावं येत होती, आणि अंधारातून हुंकार वाढत गेला. मागच्या रांगेतून फोरमनचं हं तर कुठंही यायचं, पण चालायचंच.

“साहेबानं हाक मारली,” भाची म्हणाली. “कोणी आहे का?”

हुंकारे थांबले. आणि त्यांच्यामागे भरलेलं नाट्यगृह थांबलं. कुणी कुणाला खुणावलं नव्हतं. इतका वेळ उत्तर देणारी ती सगळी तोंडं मिटली, आणि त्या शांततेत दडून बसलेली माणसं एकेकाला दिसली. हुंकाऱ्यांची पाठ होती, तरी त्यांना कळलं.

भाचीनं आईसारखाच लांब श्वास घेतला. “कुणी बोललं नाही,” ती म्हणाली. “पण सगळे तिथंच होते.”

“हं,” हुंकारे म्हणाले.

“हं,” सगळं नाट्यगृह म्हणालं.

पुढच्या आठवड्यात डेपोत एक नवं दृश्य दिसायला लागलं. काम संपायच्या सुमाराला दिग्दर्शक यायचा, रेक्झिनच्या गठ्ठ्यावर बसायचा, आणि हुंकारे सुई चालवता चालवता त्याला गोष्टीचा एक तुकडा सांगायचे.

“हं,” दिग्दर्शक म्हणायचा.

“हे आनंदाचं झालं. इथं पोरगं हरवलंय.”

“हं...”

“आता जरा पोटात गेलं. परत.”

फोरमन चहाचा कप घेऊन हे बघत उभा होता. “म्हणजे आता दोन हुंकारे झाले का?” त्यानं विचारलं. मग गठ्ठ्याचा दुसरा कोपरा पकडून तोही बसला, कारण त्याला घरचं काहीतरी सांगायचं होतं.

“हं,” हुंकारे म्हणाले. तो सांगायला लागला.