उजवं वल्हं ताईचं

समजा, संध्याकाळचे सहा वाजलेत आणि तुम्ही कामाच्या टेबलाशी बसला आहात. मोबाइल समोर डब्याला टेकवून उभा केलाय. पडद्यावर एक निळी होडी आहे आणि तिचं डावं वल्हं तुमच्या बोटाखाली आहे. उजवं वल्हं समुद्रापलीकडच्या देशात, तुमच्या थोरल्या बहिणीच्या बोटाखाली. तिथे आत्ता दुपारचा दीड वाजलाय. दोघींची बोटं एकदम पडली तर होडी सरळ जाणार, मागेपुढे पडली तर गोल फिरणार. पण त्याआधी तुम्हाला आणखी एक काम करायचंय. एक ॲप उघडायचं, देशांच्या यादीतून एक देश निवडायचा, गोल बटण दाबायचं आणि ते हिरवं व्हायची वाट बघायची. ते हिरवं झालं की तुम्ही खुर्चीतून न हलता, इंटरनेटच्या लेखी त्या दुसऱ्या देशात जाऊन बसता. तुमचं वल्हं आता नेहमीच्या वाटेने जात नाही, त्या मधल्या मुक्कामावरून पुढे जातं. याला व्हीपीएन म्हणतात.

बटण दाबायला दोन सेकंद लागतात. धाकटीला अकरा दिवस लागले.

धाकटी म्हणजे त्रेपन्न वर्षांची बाई. तिच्या मागे घरात दुसरं भावंड आलं नाही, त्यामुळे ती जन्मभर धाकटीच राहिली. ती दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, ती त्यावरून प्लास्टरचा साचा ओतते, मेणात दात बसवते आणि मग गुलाबी हिरड्यांची पक्की कवळी तयार करते. गल्लीतली निम्मी म्हातारी मंडळी तिने बनवलेले दात दाखवून हसतात. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण माझं भरतं, हा तिचा ठरलेला विनोद. तिच्या नवऱ्याने तो इतक्यांदा ऐकलाय की ती 'दात' म्हणाली की तो 'भरतं' म्हणून मोकळा होतो.

तिच्या कामात एक नियम आहे. कवळी बसवली की निळा पातळ कागद दातांमध्ये धरून पेशंटला चावायला सांगतात. जिथे दात जास्त लागतो तिथे निळा ठिपका उमटतो. तो ठिपका घासायचा, पुन्हा कागद, पुन्हा चावा. ठिपके पाच दिसले तरी एका वेळी एकच घासायचा. दोन एकदम घासले आणि चावा बिघडला, तर कशाने बिघडला ते देवालाही सांगता येत नाही. आणि चावा जमला तरी कशाने जमला ते कळत नाही, ते तर आणखी वाईट. हे तिला तिच्या जुन्या मालकांनी शिकवलं होतं आणि तीस वर्षांत तिने ते एकदाही मोडलं नव्हतं.

होडीचं प्रकरण सुरू झालं ते ताईच्या आजारपणामुळे. ताई शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्त झाल्यावर लेकीकडे राहायला गेली आणि दुसऱ्याच वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं महिन्याभरात परत आलं, पाय चालू लागला, उजवा हात तेवढा मागे राहिला. बोटं हलायची, पण सांगितल्यानंतर. ताई म्हणायची, माझा हात आता सरकारी कचेरी झालाय, अर्ज दिला की सवडीने काम करतो. डॉक्टरांनी सांगितलं, बोटांना तालात काम द्या, रोज द्या, कंटाळा येणार नाही असं द्या. मग भाचीने दोघी बहिणींच्या मोबाइलवर तो होडीचा खेळ घालून दिला आणि बजावलं, "आई, मावशी समोर असली तरच तू करशील. आणि उजव्याच हाताने करायचं."

खेळ साधा होता. तो चालायचा ताईच्या देशातल्या संगणकावर, आणि दोघींची वल्ही तिथे पोचली की तो ती जुळलीत का ते बघायचा. जुळली नाहीत की पडद्यावर 'ताळमेळ चुकला' अशी पाटी यायची. कोणाचा चुकला हे मात्र तो सांगत नसे.

पहिले दोन आठवडे होडी गोल फिरली. नदीचा काठ, झाडं, पूल, पुन्हा काठ. दोघी आधी हसल्या. नवरा मागून म्हणाला, "पोहून गेला असतात तर एव्हाना पोचला असतात." मग हसू कमी झालं. ताई दरवेळी म्हणायची, माझाच हात उशिरा पडतोय. धाकटी म्हणायची, अगं, नेट हळू आहे. त्यावर ताई एकदा शांतपणे म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, हे मी पोरांना वर्गात शिकवायचे गं. आता मीच कसं म्हणू?"

आणि फोन ठेवताना तिने सांगितलं, की हा महिना संपला की खेळ बंद करू. रोज रोज आपला हात मेलाय हे बघायला बसायचं तिला नको वाटत होतं.

त्या संध्याकाळी धाकटीने काम हातात घेतलं नाही. खेळ बंद म्हणजे व्यायाम बंद, हे भाचीने तिला आधीच सांगितलं होतं. ताई दुसरं काही करत नव्हती. बोटांनी दाबायचा रबरी चेंडू कपाटात पडला होता. म्हणजे महिना संपायला उरलेल्या सोळा दिवसांत होडी सरळ जायला हवी होती.

होडीच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक आकडा असायचा. धाकटीने त्याकडे आजवर लक्ष दिलं नव्हतं. नवऱ्याचा एक मित्र इंटरनेटच्या तारा जोडायचं काम करायचा, गल्लीत त्याला वायरवाला म्हणत. त्याला तिने बोलावून विचारलं. तो म्हणाला, वहिनी, हा तुमचा उशीर आहे. तुमचं वल्हं तिकडे जाऊन निरोप परत यायला लागणारा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. आकडा होता तीनशे दहा. इतक्या अंतराला दीडशे-पावणेदोनशे पुरतो, असं त्याचं म्हणणं. कंपनी तुमचा माल लांबच्या वाटेने पाठवतेय. व्हीपीएन लावून बघा. एरवी त्याने उशीर वाढतोच, कारण मध्ये एक मुक्काम जास्त होतो, पण मूळ वाटच वाकडी असेल तर कधी कधी फायदा होतो.

देश कुठला निवडायचा हे विचारायचं राहून गेलं. आणि इथे धाकटीने ती चूक केली जी कवळ्या बनवणारी बाईच करू शकते.

कवळीत सगळ्यात आधी तोंडाची मध्यरेषा काढतात. ती चुकली की पुढचं सगळं तिरकं. तेव्हा धाकटीने जगाचा नकाशा टेबलावर पसरला, मापाचा कंपास घेतला, एक टोक आपल्या घरावर ठेवलं, दुसरं ताईच्या, आणि बरोबर मध्य काढला. मध्य एका वाळवंटी देशात पडला. यादीत तो देश होता. तिने तो निवडला, बटण हिरवं झालं आणि कोपऱ्यातला आकडा चारशे तीस झाला. चार दिवस तिने वाट बघितली, की नवीन कवळी जशी हळूहळू तोंडात बसते तसा हा देशही बसेल. तो बसला नाही. होडी आता इतकी गरगरत होती की ताई म्हणाली, मला चक्कर येते, आज पुरे.

वायरवाल्याने नकाशावरची पेन्सिलची खूण पाहिली आणि तोंडावर हात ठेवला. पण हसू बोटांमधून बाहेर आलंच.

"वहिनी, समुद्रातल्या तारा पट्टी ठेवून नाही टाकलेल्या. किनाऱ्याकिनाऱ्याने जातात, आणि जिथे मोठा नाका असतो तिथे भेटतात. तुम्हाला नाका शोधायचाय, मध्य नाही."

"मग नाके कुठे आहेत?"

"ते एकेक करून बघायचं."

एकेक करून बघणं हे तर तिचंच काम. तिने वही घेतली आणि रोज जेवणाच्या सुट्टीत चार-पाच देश तपासले. एक देश, एक आकडा, बंद. दुसरा देश, दुसरा आकडा, बंद. कुठे दोनशे नव्वद, कुठे साडेतीनशे. अकराव्या दिवशी, ताईच्या देशाला खेटून असलेल्या एका छोट्या देशावर बोट ठेवलं आणि आकडा एकशे ऐंशीवर येऊन थांबला. धाकटीने व्हीपीएन तीनदा बंद करून चालू केलं. तीनशे दहा, एकशे ऐंशी. तीनशे दहा, एकशे ऐंशी. तिने नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, ताप उतरला म्हणायचा.

सहा वाजता तिने ताईला सांगितलं, की दोष वाटेचा होता, आता वाट बदलली, आकडा बघ. ताईने आकड्याचा फोटो मागवला, चष्मा लावून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे माझा हात नव्हता."

"नव्हता."

"मग थांब, मी मोजते. लहानपणी दोरी फिरवताना मोजायचे तसं."

लहानपणी दोरीच्या उड्यांची लांब दोरी या दोघी धरायच्या, एक टोक ताई, दुसरं धाकटी. शेजारच्या मुली मध्ये उड्या मारायच्या. धाकटीचे हात आखूड, दोरी तिच्या बाजूने हटकून लोळायची आणि मुली चिडायच्या. मग ताई मोजायला लागली, एक, दोन, एक, दोन, आणि दोरी गोल फिरू लागली. त्या उन्हाळ्यात धाकटीला वाटलं होतं, आपल्याला जमलं. ताई मोठ्या शाळेत गेल्यावर तिने दुसऱ्या मुलीबरोबर दोरी धरली, तेव्हा ती पुन्हा लोळली.

ताईने फोनवर मोजलं. एक, दोन. होडी थोडी डावीकडे गेली, सावरली, पुलाखालून निघाली. एक, दोन. दोघींनी आजवर न पाहिलेली झाडं मागे पडू लागली. पुलापलीकडे शेत होतं, एक पांढरा बगळा होता. ताई मोजायची थांबून म्हणाली, "अगं, इथे बगळा आहे," आणि होडी लगेच वळली. पण त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. महिना संपला तेव्हा खेळ बंद करण्याची गोष्ट निघाली नाही. भाचीने कळवलं, की आई आता सकाळीसुद्धा एकटीच चेंडू दाबत बसते.

असे दोन महिने गेले. मग एका मंगळवारी धाकटीकडे घाईची कवळी आली, एका आजोबांना नातीच्या साखरपुड्यात हसायचं होतं. निळा कागद, ठिपका, घासणं, यात सहा कधी वाजले कळलं नाही. ताईचा फोन आला तशी ती प्लास्टर लागलेल्या हातानेच होडीत बसली. होडी सरळ गेली. पूल, शेत, बगळा, पुढचं धरण. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या शेवटच्या खुणेला टेकल्या. फोन ठेवल्यावर धाकटीचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं.

तीनशे अकरा.

व्हीपीएन लावायचं राहून गेलं होतं.

बुधवारी तिने मुद्दाम लावलं नाही, बाकी सगळं तसंच ठेवलं. एका वेळी एकच ठिपका. आकडा तीनशे आठ, होडी सरळ. गुरुवारीही तेच. म्हणजे वाट अजून तितकीच वाकडी होती.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्या दिवशी तिने तीस वर्षांचा नियम मोडला होता. एकाच संध्याकाळी व्हीपीएन लागलं आणि ताई मोजायला लागली. दोन ठिपके एकदम घासले गेले होते.

तिने वही काढली आणि कागदावर मांडून बघितलं. ताई 'दोन' म्हणते. तो शब्द इकडे यायला वेळ लागतो. तो ऐकून मी बोट टेकवते. ते वल्हं तिकडे जायला पुन्हा वेळ लागतो. म्हणजे ताईने 'दोन' म्हणताक्षणी वल्हं मारलं, तर माझं तिच्या मागून पडणारच. व्हीपीएन असो वा नसो, कमी किंवा जास्त, पण मागूनच. तरी होडी सरळ जाते.

धाकटीने पेन्सिल खाली ठेवली. तिला ती दोरी आठवली, आणि टोक धरून उभी असलेली दहा वर्षांची ताई.

नवऱ्याने विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, एक ठिपका राहिलाय. सहाला पाच कमी होते. तिने हात धुतले, मोबाइल डब्याला टेकवला, व्हीपीएनच्या बटणावर बोट नेलं आणि मागे घेतलं. ताईचा फोन आला. पलीकडे तिने घसा खाकरला, मोजायच्या आधी ती नेहमी खाकरते. धाकटीला एवढंच विचारायचं होतं, आणि विचारलं तर तिचं बोट बिचकेल अशी भीतीही होती: 'दोन' म्हटल्यावर, ताई, तू तुझा हात माझ्यासाठी थांबवून धरतेस का गं?